साठाच्या पुढची वाट

साठापर्यंत फ्रेंच मोजणी सरळ चालते. अँ, द, त्र्वा, कात्र, सँक... सोळापर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव. सतरापासून दहा-सात, दहा-आठ, दहा-नऊ. मग वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ, सगळे ओळीने. एकोणसत्तरही सुखरूप पार पडतो. सत्तर आला की पॅरिसचा माणूस म्हणतो, स्वासाँत-दीस, म्हणजे साठ-दहा. पंचाहत्तर म्हणजे साठ-पंधरा. ऐंशी म्हणजे कात्र-वँ, चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. आणि नव्व्याण्णव म्हणजे कात्र-वँ-दीझ-नफ. चार, वीस, दहा, नऊ असे चौघे एका दमात. हा शब्द मला पहिल्यांदा सलग म्हणता आला तेव्हा मी सामरवरणीच्या रस्त्याने घरी चालले होते आणि आनंदाने तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

लेक लियाँला असते. नात तिथेच बालवाडीत जाते आणि फोनवर जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवते. तिच्या पायऱ्या मला तिच्याबरोबर चढायच्या होत्या, म्हणून मी आकड्यांपासून सुरुवात केली. क्रियापदं, लिंगं, काळ सगळं नंतर.

सामरवरणीत फ्रेंच कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. हे गाव ज्यात येतं ती दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडे होती, तीही 1954पर्यंत. त्यांची मोजणी सरळ दहांची, सेतेंता, ओइतेंता, नोवेंता. फ्रेंचांचा इथे काही संबंध आला नाही. पण इथल्या कारखान्यांत एक फ्रेंच शब्द रोज शेकडो वेळा उच्चारला जातो. सिल्वासाच्या परिसरात पॉलिएस्टर यार्न मोठ्या प्रमाणावर होतं आणि यार्नची जाडी सांगतात डेनिअरमध्ये. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये आम्ही नऊ हजार मीटर गुंडाळत बसत नाही. रीलवर नव्वद मीटरची लड काढायची, काट्यावर ठेवायची, आलेल्या वजनाला शंभराने गुणायचं. कार्टनवर छापलेलं असतं 75/36, 150/48, 80/72. पहिला आकडा डेनिअर, दुसरा धाग्यातल्या तंतूंची संख्या.

डेनिअर म्हणजे मूळचं दनिए, फ्रान्सचं जुनं नाणं. बारा दनिएंचा एक सू, वीस सूंची एक लिव्र. रेशमाचा बारीकपणा या नाण्याच्या नावाच्या वजनात सांगायचे, आणि फ्रान्समधलं रेशमाचं मोठं शहर लियाँ. नात राहते त्याच शहराच्या धंद्याचं माप मी इतकी वर्षं कार्टनवर वाचत आले होते. हे कळल्यावर मी कार्टन फ्रेंचमध्ये वाचायला लागले. 75/36 म्हणजे साठ-पंधरा, तीस-सहा. 80/72 म्हणजे चार-वीस, साठ-बारा. शेजारी हेल्पर हिंदीत मोजतो, सुपरवायझर गुजरातीत बोतेर म्हणतो, आणि मी मनातल्या मनात स्वासाँत-दूझ.

या चार-विसाने मला जितकं दिलं तितकं फ्रेंचमधल्या दुसऱ्या कशाने दिलेलं नाही. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली जुनी माणसं विसांनीच मोजत. तीन विसा न् दहा म्हणजे सत्तर. चार विसा म्हणजे ऐंशी. पाच विसा झाले की शंभर. बांबू, वासे कोडीने मोजले जात, आणि कोडी म्हणजे वीसच. हाताची बोटं दहा, पायांची दहा, आख्खा माणूस मोजून झाला की एक खडा बाजूला ठेवायचा. बाजारात आंबे किंवा अंडी अशी मोजणाऱ्या म्हातारीला शिकलेली माणसं अडाणी समजत. तिला शंभरापर्यंत येत नाही, म्हणत. तीच मोजणी सोर्बोनमधले प्राध्यापक करतात, बँकेत चेक लिहिणारे करतात, आणि त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. मला हे फार लागतं. म्हातारीचं गणित बरोबर होतं, तिच्या गणिताला शाळा मिळाली नाही एवढंच.

पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी एक आश्रयस्थान उभारलं. त्याचं नाव कँझ-वँ, पंधरा-वीस. आज ते डोळ्यांचं इस्पितळ आहे आणि नाव तेच आहे. तीनशे माणसं पंधरा विसांत मोजलेली.

फ्रेंच राज्यक्रांतीने सगळं दहावर आणायचं ठरवलं होतं. मीटर आला, ग्रॅम आला, वीस सूंची लिव्र गेली आणि शंभर साँतीमांचा फ्रँक आला. 1793 साली तर दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटं केली. ते घड्याळ 1795मध्ये सोडून द्यावं लागलं. राजा गेला, लिव्र गेली, पण कात्र-वँ हललं नाही. बाजारातल्या बायकांच्या तोंडचा आकडा बदलणं सरकारी हुकमाच्या आवाक्यात नव्हतं, असं मला वाटतं. स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधले फ्रेंच भाषक मात्र सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत म्हणतात, आणि काही स्विस परगण्यांत ऐंशीला वीताँत. तिथली मुलं साठाच्या पुढे अडखळत नाहीत.

यावर मराठी माणसाला 2019 आठवणारच. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बासष्टऐवजी साठ दोन, त्रेसष्टऐवजी साठ तीन असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांच्या धास्तीने मुलं गणितापासून दूर जातात. मला त्यांचं म्हणणं पटतं. पाड्यावरचं मूल घरी वारली किंवा कोकणा बोलतं आणि शाळेत त्याला एकदम त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी भेटतात. त्याला सत्तर तीनची पायरी दिली तर काय बिघडलं? त्र्याहत्तर पुढे येईलच, घरात आणि बाजारात तो कानावर पडतोच. दोन्ही असावेत, आणि मुलाला आधी सोपा मिळावा.

मराठी आकड्यांनी मला एक मोठी मदत केली. फ्रेंच लोक दहा आकडी फोन नंबर दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. स्वासाँत ऐकलं की नवशिका लगेच सहा लिहितो, तोवर मागून पंधरा येतात आणि सहाचा सात करावा लागतो. माझा हात तसा घाईने उठला नाही. पंचाहत्तरमध्ये आपण आधी पाच ऐकतो, सत्तर नंतर, आणि लिहिताना सात आधी. एकोणऐंशीत तर ऐंशी ऐकून एक काढून घ्यायचा. आकडा पुरा होईपर्यंत थांबायची सवय मराठी कानाला लहानपणीच लागलेली असते. दुसरीत पाढे म्हणताना लागलेली ही सवय साठीजवळ लियाँचा फोन नंबर घेताना उपयोगी पडली.

मॉरिशसमध्ये हेच उलट्या दिशेने चाललंय. 1834पासून गिरमिटिया मजूर तिकडे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून पुढे गेलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळायचा, आणि त्या नोंदी आज मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. त्यांची पणतवंडं घरात क्रिओल बोलतात, मोजतातही त्याच फ्रेंच वळणाने, सत्तरला साठ-दहा आणि ऐंशीला चार-वीस. शाळेत ती मराठी शिकतात. म्हणजे तिथे एखादी मुलगी साठ-दहा-नऊवरून एकोणऐंशीकडे येत असणार, मी निघाले त्याच्या नेमकी समोरच्या बाजूने. तिला शिकवणाऱ्या बाईंना मला एकदा भेटायचंय. एकोणऐंशी त्या कसा समजावतात, खडे मांडून की बोटांवर, आणि नव्व्याण्णवला मात्र एकोणशंभर का नाही असं कुणी पोराने विचारलं तर त्या काय सांगतात, ते मला त्यांच्याकडून ऐकायचंय.