कुलूप, किल्ली आणि क्रम

ज्या परीक्षेत कोणी कधीच नापास होत नाही, त्या परीक्षेवर शहाण्या माणसाने फार विसंबून राहू नये. हा धडा मला माझ्या व्यवसायात मिळाला. तो घरच्या कारभारासही लागू पडतो असे वाटल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहे.

संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद ठेवणाऱ्या व्यवस्थेची चाचणी घेणे हे माझे काम. लिनक्स या प्रणालीत २०१५ साली अशी सोय आली की, एखाद्या कप्प्यातील फाईली आणि त्यांची नावेसुद्धा गुप्त लिपीत राहावीत. किल्ली असेल तर सारे वाचता येते. नसेल तर नुसती निरर्थक अक्षरे दिसतात. रुग्णाचे कागद, जमिनीचे दस्त, धर्मग्रामाच्या नोंदवह्या अशा कुलपावर सोपवायच्या, तर ते कुलूप पारखलेले हवे.

ही पारख ‘शेल’ नावाच्या आज्ञाभाषेत लिहितात. तिचे जे रूप आजही आधारभूत आहे, ते १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाले. या भाषेचा एक स्वभाव असा की, मोकळी जागा दिसली की शब्द संपला असे ती मानते. आमच्या आळंदच्या बाजारात ‘तूर डाळ आण’ म्हटले, तर जाणता मुलगा तूरडाळ आणील. नवखा मुलगा तुरीचे एक पोते आणि डाळीचे दुसरे आणील. शेल हा तो नवखा मुलगा होय. दोन्ही शब्द एकच आहेत हे त्याला अवतरणचिन्हांत बांधून सांगावे लागते. शिवाय एका शेलने दुसऱ्या शेलला निरोप दिला, तर पहिला आपल्यापुरती चिन्हे सोलून टाकतो आणि दुसऱ्याच्या हाती उघडेच शब्द पडतात. २०११ साली ‘बंबलबी’ नावाच्या कार्यक्रमाच्या स्थापनेच्या आज्ञेत एक मोकळी जागा जास्त पडली, आणि एक लहानसा कप्पा पुसण्याऐवजी ‘यूएसआर’ हा संगणकाचा मुख्य कप्पाच पुसला गेला.

माझ्याकडे आलेली एक चाचणी कित्येक महिने बिनचूक उत्तीर्ण होत होती. कुलूपबंद कप्प्याच्या नावात मोकळी जागा होती. दुसऱ्या शेलपर्यंत पोहोचताना ते नाव दुभंगे आणि लेखन कुलपाबाहेरच्या भलत्याच फाईलीत होई. कुलपाला कोणी हातच लावीत नव्हते. मग ते चुकणार कसे? अवतरणचिन्हे नीट घातली, आणि चाचणी कधी उत्तीर्ण, कधी नापास होऊ लागली.

आता खरा दोष उजेडात आला. एक प्रक्रिया फाईली लिहीत होती आणि दुसरी किल्ली काढून घेत होती. लिहिणारी एका सेकंदात आटोपेल असे गृहीत धरून दुसरीला ‘स्लीप’, म्हणजे झोप, अशी आज्ञा दिली होती. संगणकावर कामाचा भार वाढला की लिहिणारी मागे पडे. पुढची फाईल उघडायला जावे, तो किल्ली गेलेली! झोप दोन सेकंदांची केल्याने दोष जात नाही, फक्त विरळ होतो. उपाय ‘वेट’ हा आहे: पहिलीचे काम संपल्याची खात्री होईपर्यंत थांबणे. झोपणे आणि वाट पाहणे यांतील अंतर गेथशेमनी बागेतील शिष्यांची गोष्ट जाणणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

आमच्या प्रसंगी दोष चाचणीत होता. पण तो नेहमी तेथेच असतो असे नव्हे. २०२० साली लिनक्सच्या कुलूपव्यवस्थेतच असा दोष सापडला. लेखन चालू असता किल्ली काढली, तर लिहिलेले कधी कधी हरवून जाई. तो दुरुस्त झाला, आणि लेखन व किल्ली यांची मुद्दाम टक्कर घडवून पाहणारी चाचणी तयार झाली. अशी शर्यत इतरत्र प्राणांवर बेतली आहे. थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर मात्रा दिली. त्यामागे अशाच शर्यतीचे दोष होते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हाही धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच दोषाने मुकी झाली होती.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की, यात दोघांपैकी कोणीही बेइमान नसतो. बाप एका मुलास सांगतो, तुरीची पोती कोठारात भर; दुसऱ्यास सांगतो, दिवस मावळताच कुलूप लाव. दोघेही आज्ञाधारक. तरी चार पोती अंगणात राहतात, रात्री पाऊस येतो, आणि सकाळी भाऊ भावाशी बोलत नाही. चूक कोणाची? आधी कोणी आणि नंतर कोणी, एवढेच सांगावयाचे राहिले होते.

आपल्या घरांतील पुष्कळ भांडणे अशीच न सांगितलेल्या क्रमातून उपजत असतील. म्हणून दोष दिसताच माणसाकडे बोट दाखवू नये. काय घडले, कोणत्या क्षणी घडले, त्यापूर्वी काय झाले होते, हे शांतपणे विचारावे. पापनिवेदनापूर्वी आपण स्वतःच्या अंतःकरणास असेच बारकाईने विचारतो. तोच धीर भावाच्या बाबतीतही दाखवावा. आणि कुलूप लावणाऱ्याने किल्ली फिरवण्याआधी एकदा हाक मारावी, ‘आत कोणी आहे का?’ उत्तर येईपर्यंत थांबावे.