हजेरीपुस्तकाबाहेरचे आरोग्य

चाकण, ता. खेड, जि. पुणे

तीर्थरूप काका,

आपल्या पत्रातील आक्षेप असा की, ज्या कामगाराच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते आणि ज्याच्याजवळ ईएसआयचे कार्ड आहे, त्याला उपचार मिळतातच. मग त्याच्यासाठी आरोग्याच्या मानवी हक्काची वेगळी भाषा कशाला? आक्षेप वरवरचा नाही, कारण 1948 च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याने उभी केलेली व्यवस्था खरोखरच मोठी आहे आणि तिच्यामुळे असंख्य कामगार कुटुंबे कर्जातून वाचली आहेत. तरीही चाकण परिसरातील कामाची रीत पाहिली, तर ही व्यवस्था माणसाला नव्हे, त्याच्या नोकरीला ओळखते, असे म्हणणे भाग पडते.

या योजनेत जुलै 2019 पासून कामगाराच्या वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी घेतली जाते, आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तीत येतो. कामगाराला व कुटुंबाला साधे उपचार नोंदणीपासूनच मिळतात, कामावरील इजेच्या भरपाईलाही प्रतीक्षा नाही; ही तिची थोर बाजू होय. परंतु आजारपणाच्या रजेत मिळणारा रोख लाभ, म्हणजे वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम, मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-कालात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि सर्वसाधारण नियमानुसार नव्याने नोंदलेल्या कामगाराचा पहिला लाभ-काल नऊ महिन्यांनी सुरू होतो. ठेकेदाराकडचे काम मात्र पुष्कळदा सहा-सात महिन्यांचेच असते. मग ‘ब्रेक’ दिला जातो, आणि पुढचा ठेकेदार जुना विमा क्रमांक न जोडता नवीन नोंद करतो तेव्हा कामगाराने आधी भरलेली वर्गणी त्याच्या उपयोगी पडत नाही. नोकरी सुटल्यावरही काही काळ उपचार चालू राहतात, पण पुढे तेही थांबतात. आणि आजारामुळेच नोकरी गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे थांबणे नेमके त्याला सर्वाधिक गरज असतानाच येते. या एका गोष्टीचा विचार आपण सावकाश करावा, अशी विनंती आहे.

शिकाऊ उमेदवाराची स्थिती याहून विचित्र आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नेमलेला तरुण विमा योजनेच्या ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळलेला आहे. यंत्रात बोट गेले तर मालकाने भरपाई द्यावी असे शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो, पण डेंग्यूने आठवडाभर अंथरुणाला खिळला तर विमा योजना त्याला ओळखत नाही. शेजारच्या यंत्रावर उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या शरीरांत कायद्याने असा भेद करावा, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. वाहनउद्योगातील अपघातांवर काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने आपल्या अहवालांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवली आहे: प्रेस मशिनवर बोटे गमावलेल्या अनेक कामगारांना विम्याचे कार्ड मिळाले ते अपघात झाल्यावर. आणि ज्यांची नोंद कुठेच नसते, त्यांचे काय? 8 डिसेंबर 2023 रोजी जवळच्याच तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवरील ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागून महिला कामगार जळून मेल्या. परवाना नसलेल्या जागेत काम करणाऱ्या बाईच्या आरोग्याची जबाबदारी तिचे नाव हजेरीपुस्तकात येण्यावर सोडता येत नाही.

कार्ड हाती असले तरी अंतर उरतेच. कामगार विम्याचे जुने रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे; चाकणहून तेथे जायचे तर तळेगाव चौकातली कोंडी, मग मोशी-भोसरीची रांग, आणि परतेपर्यंत पाळी बुडून खाडा पडलेला, सोबत हजेरी भत्ताही गेलेला. म्हणून अंगावर आजार काढणे किंवा खोलीजवळच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजणे, हेच दोन मार्ग कामगारापुढे राहतात. सरकारी रुग्णालयाकडे वळावे, तर ग्रामीण रुग्णालयाचा सर्वसाधारण साचा 30 खाटांचा, आणि त्याचे गणित लोकसंख्येवर. त्यासाठी हाताशी असलेली शेवटची जनगणना 2011 ची, जिच्यात चाकणची वस्ती 41 हजारांच्या आसपास होती. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील चाळींत दाटीने राहणारे परप्रांतीय आणि मराठवाड्यातील तरुण या आकड्यात कोठून असणार?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही मनापासून स्वागत करावी अशी गोष्ट आहे. पण इंद्रायणी ओलांडून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात गेलेला रुग्ण महानगरपालिकेच्या संस्थेत असतो, आणि राज्याचा तो निर्णय तेथे लागू होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दारात राज्यातील शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला विचारला जातो, जो बिहार-ओडिशाच्या मुलाजवळ सहसा नसतो.

आता आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला भारताने 1979 मध्ये मान्यता दिली, आरोग्याचा हक्क ‘प्रत्येकाचा’ म्हटला आहे. त्यावरील 2000 सालच्या अधिकृत विवरणाने या हक्काच्या चार कसोट्या ठरवल्या: सेवा उपलब्ध असणे, तिच्यापर्यंत भेदभावाशिवाय व परवडेल अशा रीतीने पोहोचता येणे, ती रुग्णाच्या संस्कृतीला व प्रतिष्ठेला मानवणारी असणे, आणि ती गुणवत्तेची असणे. आपल्या देशातही 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य व उपचार हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला, आणि तो नोकरीत असताना व निवृत्तीनंतरही, असे स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी, रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला खाट नाही म्हणून कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी परत पाठवल्याबद्दल त्याच न्यायालयाने 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. त्याची वर्गणी कोणी भरली होती, हा प्रश्न त्या निकालात उद्भवला नाही.

म्हणून मागणी विमा मोडण्याची नाही. खेड तालुक्यातील सरकारी रुग्णालयांच्या खाटा व डॉक्टर आज तेथे राहणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरावेत, विमा क्रमांक कामगाराबरोबर फिरावा आणि ब्रेकच्या काळात त्याचे उपचार खंडित होऊ नयेत, शिकाऊ उमेदवार विमा योजनेत यावेत, आणि दारात आधी दुखणे विचारले जावे, कागद नंतर. यांपैकी कोणती मागणी अवास्तव वाटते ते आपण स्पष्ट कळवावे. कामगार कायद्यातील आपला अनुभव दीर्घ आहे आणि मतभेदाचेही स्वागत आहे.



आपला आज्ञाधारक पुतण्या