टॅपेटची टिकटिक

अब्बांची बुलेट 1978 सालची, 350. ते गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली आणि त्यानं दोन वर्षांत तिचं पोट पार बदलून टाकलं. मूळचं लोखंडी बॅरल काढून अ‍ॅल्युमिनियमचं बसवलं, मोठा पिस्टन घातला, वॉल्व जास्त उघडावेत म्हणून उंच कॅम आणि कडक स्प्रिंगा टाकल्या. कडक स्प्रिंगांना जुन्या पुशरॉड टिकणार नाहीत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून लेथवर पोलादी पुशरॉड बनवून घेतल्या. अम्मी एवढंच म्हणाल्या, "टाकीला हात लावू नकोस." टाकीवर अब्बांनी स्वतः मारलेल्या सोनेरी रेघा आहेत.

गाडी पळायला लागली, पण गरम झाली की हेडमधून बारीक टिकटिक यायची. एका गॅरेजमध्ये गरम इंजिनवरच टॅपेट आवळून दिले. आवाज गेला. मात्र दुसऱ्या दिवसापासून सकाळी किक हलकी लागायची, गाडी मिस मारायची, सायलेन्सरमधून फटाके फुटायचे. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं किक मारून पाहिली आणि निकाल दिला: कॉम्प्रेशन गेलंय, फुल इंजिनचं काम, 35,000 रुपये. भावाकडे तेवढे नव्हते. सुट्या भागांसाठी जुन्या गाड्या घेणारा एकजण घरी येऊन गाडी बघून गेला, त्या रात्री अम्मी जेवल्या नाहीत. मी भावाला म्हटलं, विकायची तर विक, पण आधी उस्तादांना दाखव.

आमच्या मिरजेत कानावर चालणारे दोन धंदे मी लहानपणापासून पाहतोय. एक सितारमेकर मंडळींचा. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना कारागीर कानसीचा एक हात फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा हात फिरवतो. तार आणि घोडी यांच्यातलं ते अंतर डोळ्याला दिसत नाही, पण जास्त झालं तर स्वर मुका आणि कमी झालं तर तार भणभणते. दुसरा धंदा बुलेटच्या मिस्त्रीचा. उस्ताद चाळीस वर्षं तेच करतायत. अब्बांची गाडीही त्यांच्याच हाताखालची. त्यांच्याकडे सध्या माझा एक जुना विद्यार्थी काम शिकतो. नववीत गणितात आणि इंग्रजीत राहिला आणि शाळा सुटली. घरी त्याला 'नापास' असंच म्हणतात. मकतबात मात्र त्याची तजवीद चांगली होती. सीन आणि स्वाद यांतला फरक कित्येक मोठ्यांच्या जिभेला जमत नाही, तो त्याच्या कानाला आधी कळायचा.

उस्तादांनी आल्या आल्या गाडी चालू केली नाही. "रात्रभर इथंच राहू दे," म्हणाले. फजरनंतर आम्ही गेलो तेव्हा इंजिन थंडगार होतं. या जुन्या बुलेटचे टॅपेट थंड इंजिनवरच बघायचे असतात. बॅरलच्या उजव्या अंगाला एका नटावर बसलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की दोन्ही पुशरॉडची खालची टोकं दिसतात. पिस्टन वर आणि दोन्ही वॉल्व बंद, अशा जागी इंजिन आणायचं आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायची. ती सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टची किंचित जास्त मोकळी असली तरी चालते. मग लॉकनट आवळायचा आणि पुन्हा फिरवून बघायची, कारण आवळताना माप सरकतं.

एक्झॉस्टची पुशरॉड बोटांत फिरेचना. म्हणजे वॉल्व बंद व्हायच्या वेळीही पुशरॉड त्याला खालून रेटून किंचित उघडा ठेवत होती. किक हलकी का, त्याचं उत्तर तिथंच मिळालं: दाब गळत होता. उस्तादांनी ती सैल केली, माप लावलं आणि भावाला किक मारायला सांगितलं. किक पूर्वीसारखी कडक लागली. 35,000 चं काम दोन पान्यांवर आणि दहा मिनिटांत मिटलं.

गाडीला आवाज नको, ही आपल्याकडे सगळ्यांचीच हौस. पण सैल टॅपेट वाजतो तरी. घट्ट टॅपेट गप्प बसतो आणि वॉल्व जाळतो. एक्झॉस्ट वॉल्व भट्टीतल्या सळईसारखा तापतो. आपली बरीचशी उष्णता तो सीटवर टेकल्यावर सीटला देतो. नीट टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठं? कडा जळते आणि मग खरोखरच हेड खोलावं लागतं. आणखी महिनाभर ती गाडी गुपचूप चालली असती, तर 35,000 सांगणारा खरा ठरला असता.

मूळ टिकटिक मात्र राहिलीच होती. उस्तादांनी भावाला सांगलीपर्यंत पिटाळलं. तो परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून लांब पेचकसाचं टोक हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "खामोश है." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. पोरगा खाली मान घालून फडक्यानं पाना पुसत होता, तोच तोच पाना. उस्तादांच्या ते ध्यानात आलं.

"क्या हुआ? बोल."

"काही नाही, उस्ताद."

"बोल बेटा. सर काय खाणार आहेत तुला?"

"आवाज आहे, उस्ताद. एक्झॉस्टकडे."

क्षणभर कुणी बोललं नाही. उस्तादांच्या गॅरेजमध्ये उस्तादांच्या कानावर बोट ठेवणं म्हणजे काय, ते पोराला ठाऊक होतं. मी तरी त्याच्या वयात बोललो नसतो. उस्तादांनी पेचकस त्याच्या हातात दिला. "मेरे कान तक अब ये बारीक आवाज नहीं आती. तू सुन, मला सांग."

मग त्या मुलानं जे केलं, ते मी गणिताच्या तासाला कधी पाहिलं नव्हतं. तो सायलेन्सरच्या ठोक्यांवर बोटानं ताल धरत ऐकायला लागला. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एक ठोका पडतो आणि त्याच दोन फेऱ्यांत प्रत्येक वॉल्व एकदाच उघडतो. म्हणून एका वॉल्वचा आवाज ठोक्यामागे एकदाच येतो. ठोक्यामागे एकसारखा दोनदा आला, तर दोष खाली क्रँककडे शोधायचा. "एकाला एक," तो म्हणाला. पिस्टनचा खडखडाट? तो थंडपणी जास्त असतो, पिस्टन तापून फुगला की कमी होतो. इथं उलटं होतं. हेडच्या जोडातून किंवा एक्झॉस्ट पाइपच्या तोंडातून वायू गळत असला, तरी हुबेहूब टॅपेटसारखी फटफट येते. त्यानं जोडाभोवती साबणाचं पाणी शिंपडलं, बुडबुडे आले नाहीत. मग इंजिन बंद करून, गरम असतानाच झाकण काढलं. सकाळी नेमकी बसलेली पुशरॉड आता बोटांत वरखाली हलत होती.

थंडपणी बरोबर आणि तापल्यावर सैल, म्हणजे काहीतरी वाढत होतं. लेथवरची ती पोलादी पुशरॉड उस्तादांनी उचलून तळहातावर तोलली आणि भावाला विचारलं, "बॅरल अ‍ॅल्युमिनियमचं, ही लोखंडाची. दोघांचं कसं जमणार?"

घरी येऊन मी आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या मॅडमना फोन केला, त्यांनी आकडे दिले. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. 150 मिलिमीटर उंचीचा तुकडा 100 अंशांनी तापला, तर लोखंडाचा साधारण 0.17 मिलिमीटर आणि अ‍ॅल्युमिनियमचा 0.34 मिलिमीटर वाढतो. फरक वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढा. बॅरल वर सरकलं, रॉकर दूर गेला, पोलादी पुशरॉड मागे राहिली. पहिल्या गॅरेजनं तीच फट गरमपणी मिटवली, म्हणून गार झाल्यावर बॅरल पुन्हा आखडलं आणि वॉल्व उघडा राहिला.

उपाय स्वस्त होता: कंपनीच्या पद्धतीच्या, पोलादी टोकांच्या अ‍ॅल्युमिनियम पुशरॉड. थंडपणी माप लावलं. आता गरमपणी थोडी टिकटिक येते, कारण बॅरल पुशरॉडपेक्षा जास्त तापतं आणि उंच कॅम वॉल्वला जोरात सीटवर सोडतो. "एवढी राहू दे," उस्ताद म्हणाले. भावाला ते पटायला आठवडा लागला. जुळवायची कटकटच नको असेल त्यानं नंतरची यूसीई इंजिनाची बुलेट घ्यावी, तिच्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत.

उस्तादांच्या कानाचं सांगतो. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला की ऐकू येणं कमी होतं, आणि सर्वांत आधी जातात ते उंच, बारीक आवाज, 4000 हर्ट्झच्या आसपासचे. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला बरीच वर्षं पत्ताच लागत नाही. सायलेन्सर काढून रेस दिलेल्या गाडीपुढे बसणाऱ्या पोरांचं तेच होणार. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग अगदी कमी पैशात मिळतात. मी एक पाकीट गॅरेजमध्ये ठेवलंय. पोरगा ग्राइंडर चालवताना ते घालतो, ऐकायच्या वेळी काढतो. उस्ताद घालत नाहीत. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहून कानाची तपासणी अजून केलेली नाही, रमजाननंतर बघू म्हणतात.

मुलासाठी मी बाहेरून दहावीला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म आणून दिलाय. दहावी झाली तर आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. उस्तादांची हरकत नाही, संध्याकाळी पाचला सोडेन म्हणाले. वडील मात्र म्हणतात, हाताला काम लागलंय, आता पुस्तक कशाला. फॉर्म अजून गॅरेजच्या फळीवर ऑइलच्या डब्याखाली आहे, सहीशिवाय. शुक्रवारी जुम्यानंतर मी त्यांच्या घरी जाणार आहे, उस्तादही येतो म्हणालेत.