टोमॅटोची रात्र

उजेड मोजताना डोळ्यावर भिस्त ठेवायची नाही. दिवे लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथे जेमतेम ३००-४०० लक्स उजेड असतो. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. उजेडाला सरावून डोळा हा फरक झाकून टाकतो. पानाला तशी सोय नाही. मार्चमध्ये टोरांटोच्या खिडकीत ठेवलेलं टोमॅटोचं रोप आपल्याला उजेडात बसलेलं दिसतं आणि असतं मात्र उपाशी. म्हणून रोपं बेसमेंटमध्ये, दिव्याखाली.

*

इथे टोमॅटो बाहेर लावायचा तो व्हिक्टोरिया डेच्या सुमाराला, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारी. तोवर एखाद्या रात्रीच्या हिमाचा भरवसा नसतो. सहा ते आठ आठवडे मागे मोजलं की पेरणी मार्चअखेर येते. तेव्हा बेसमेंट गारठलेलं असतं, म्हणून ट्रेखाली गरम चटई. माती २५ अंशांवर राहिली की आठवड्याभरात कोंब वर येतात. आले की त्याच दिवशी चटई काढायची आणि दिवा खाली आणायचा. यात एक दिवसही दवडू नये. कोंब उजेड शोधत उंच निघाला की त्याचं खोड दोऱ्यासारखं होतं.

*

दिवा किती उंचीवर हवा, हे रोपच सांगतं. दोन पानांमधलं पेर लांब पडायला लागलं की दिवा खाली. शेंड्याची पानं वळून फिकी पडली की वर. जुन्या ट्यूबलाइटी पानांपासून चार बोटांवर लागतात, आताच्या एलईडीला ताकदीप्रमाणे वीतभर ते हातभर अंतर पुरतं.

*

जांभळट दिवे मला नकोत. तांबडा आणि निळा उजेड हरितद्रव्य सर्वांत जास्त शोषतं हे खरं, पण हिरवा उजेडही पान वापरतं. १९७२ मध्ये मॅक्री या संशोधकांनी कितीतरी पिकांची पानं तपासून ते दाखवलं आहे. साध्या पांढऱ्या एलईडीत टोमॅटो छान वाढतो. शिवाय पांढऱ्या उजेडात पानाचा पिवळेपणा आणि पानामागचा मावा वेळेवर दिसतो. जांभळ्या उजेडात सगळीच पानं काळपट दिसतात.

*

सर्वांत महत्त्वाचं टिपण हे. टोमॅटोला रात्र लागते.

चोवीस तास दिवा ठेवला तर वाढ दुप्पट होईल असं वाटतं. लेट्यूस असला जाच बराचसा सोसतं. टोमॅटोच्या पानांवर मात्र काही दिवसांत पिवळे चट्टे पडतात, मग ती करपतात. हे १९३० च्या सुमारापासून माहीत आहे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी टोमॅटोच्या रानटी भाईबंदांत अखंड उजेड सोसण्याचा गुण कुठल्या जनुकात आहे ते शोधून काढलं. आपण लावतो त्या वाणांत तो गुण नाही. म्हणून १६ तास उजेड, ८ तास पूर्ण अंधार, आणि ते सांभाळायला टायमर.

*

रोपांची रात्र आपल्या रात्रीलाच असायला हवी असं नाही. ऑन्टारिओत एका योजनेत रात्री ११ ते सकाळी ७ वीज अगदी स्वस्त असते आणि कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ सर्वांत महाग. म्हणून माझा दिवा रात्री ९ ला लागतो, दुपारी १ ला विझतो. महागडे तास रोपं अंधारात काढतात. खिडकीवर जाड कापड मात्र हवं. १०० वॉटच्या दिव्याला १६ तासांत १.६ युनिट लागतात.

*

ऑन्टारिओतल्याच लेमिंग्टन गावाच्या बाजूला रात्री गेलं की ढग खालून केशरी-गुलाबी दिसतात. मैलोन्‌मैल काचघरं, आत टोमॅटो, काकडी, मिरची. तिथे आणि शेजारच्या किंग्जव्हिलमध्ये काचघरांतल्या दिव्यांचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून नियम करावे लागले. मला ते नियम पटतात. झाडाला रात्र हवी हे ज्यांना कळतं, त्यांनी शेजाऱ्यांची रात्रही राखली पाहिजे. पडदे ओढता येतात.

*

नारायणगावकडे टोमॅटो करणारे माझे मामा फोनवर दरवेळी एकच विचारतात, "वाफसा आहे का?" म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही ना. कुंडीतसुद्धा तोच नियम. बोट पेरभर मातीत घालायचं. चिखल लागला तर पाणी नाही. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. मातीत कॅल्शियम असूनही पाण्याच्या ओढाताणीत ते फळापर्यंत पोचत नाही.

*

वाराही आपणच द्यायचा. लहान पंखा, किंवा शेंड्यांवरून दिवसातून दोनतीनदा हलकेच हात फिरवणं. हललेलं रोप बुटकं आणि खोडाने जाड होतं.

*

एखादं बुटकं वाण, समजा रेड रॉबिन, कायम आतच वाढवायचं तर फुलांचं बघावं लागतं. फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, पण पराग नळीसारख्या परागकोशात असतात आणि हादरल्याशिवाय सांडत नाहीत. भारतात हे काम काळे भुंगे करतात, फुलाला धरून गुणगुणतात. मधमाशीला ते जमत नाही. काचघरांतून १९८०च्या दशकाअखेरीपासून बंबलबीची पेटी विकत आणून ठेवतात. बेसमेंटमध्ये विजेचा टूथब्रश देठाला क्षणभर टेकवायचा. कोरड्या हवेत, रोपांच्या सकाळनंतर. पिवळी धूळ उडालेली दिसते. रोपांची रात्र १५ ते २० अंशांची असली तर फळ धरतं. रात्री उकडलं तर फूल गळतं.

*

मेच्या मध्यावर रोपं बाहेर. पहिल्या दिवशी तासभर, तेही सावलीत. मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण ऊन. दिव्याखाली वाढलेलं पान थेट उन्हात नेलं की पांढरं पडून वाळतं. लावताना खालची पानं खुडून खोड निम्म्यापर्यंत मातीत घालायचं. मातीत गेलेल्या खोडाला सगळीकडून मुळं फुटतात, त्यामुळे बेसमेंटमध्ये थोडं लांबलेलं रोपही वाया जात नाही.