पडून राहिलेली ठेव

बँकेत असताना दोन वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांची यादी आम्ही वेगळी काढीत असू. दहा वर्षे कुणीच विचारपूस केली नाही, तर आता ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. मात्र ठेवीदाराचा हक्क संपत नाही. बालपणीच्या विस्मृत गाण्यांनाही हाच नियम लागू असावा, असे मला निवृत्तीनंतर वाटू लागले आहे.

१९७०च्या सुमारास आमच्या घरी एकच रेडिओ होता. त्याचा परवाना टपाल कचेरीत शुल्क भरून नूतन करावा लागे. आकाशवाणीची ‘आपली आवड’ आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ यांवर आमचा कान घडला. परंतु लोकप्रियतेचा हिशेब निष्ठुर असतो. तबकडीच्या एका बाजूचे गाणे गाजे, दुसऱ्या बाजूचे मागे पडे. मोठ्या नावांच्या तेजात गुणी गळे झाकोळले जात.

कृष्णा कल्ले यांचे नाव अशा वेळी हटकून आठवते. कानपुरात वाढलेल्या या गायिकेने मराठी भावगीत किती निर्मळपणे गायिले! ‘परिकथेतील राजकुमारा’ हे रमेश अणावकरांचे गीत अनेकांच्या ओठी असते. गायिकेचे नाव विचारले, की बहुतेक जण थबकतात. २०१५ साली त्या गेल्या.

हेच गीत आमची आई धान्य निवडताना गुणगुणत असे. तिचा आवाज कुठेही ध्वनिमुद्रित नाही. गेल्या वर्षी नातीने भ्रमणध्वनीवर ते गीत शोधून दिले. एका ओळीत आई नेहमी स्वतःचा एक शब्द घालीत असे; आम्हां भावंडांना तोच मूळचा वाटे. ती ओळ आली, निराळा शब्द कानी पडला, आणि त्या फरकाच्या फटीतून आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. शेजारी बसलेल्या थोरल्या ताईंनी नकळत आईचाच शब्द उच्चारला.

वाचकहो, आपल्याही घरी अशी ठेव पडून असेल. ज्येष्ठांना विचारा, त्यांच्यासह ती गाणी ऐका, आणि वहीत गायक, कवी व संगीतकार या तिघांचीही नावे लिहून ठेवा. वारसदाराची नोंद वेळेवर झालेली बरी.