न पाहिलेलें बिऱ्हाड

बिऱ्हाड करावयाचें म्हणजे माणूस आधीं जागा पाहतो, पाण्याची वेळ विचारतो, शेजार कसा आहे याचा अदमास घेतो आणि मग भाड्याची गोष्ट काढतो. आम्हीं मुंबईस नुकतेंच जें बिऱ्हाड केलें त्यांत यांपैकीं कांहींच घडलें नाहीं. जागा आम्हीं पाहिली नाहीं व पुढेंही पाहूं असा संभव नाहीं. ती कोणत्या रस्त्यावर आहे हेंही ठाऊक नाहीं. महिना सुमारें पांचशें रुपये भाडें ठरलें, आणि पैसे पोंचल्यावर एका मिनिटाच्या आंत जागा तयार असल्याचा निरोप सोलापुरांत आमच्या मेजावर आला. या जागेस इंग्रजींत 'व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर' असें लांबलचक नांव असून तिच्यांत माणसें न राहतां शब्द राहणार आहेत.

शब्द म्हणजे मागाचे शब्द. सोलापूरच्या पूर्व भागांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा कानांवर पडतात. आपण ज्यास माग म्हणतों त्यास तेलुगूंत मग्गम व कन्नडांत मग्ग म्हणतात. आणि यंत्रमागावरचा गडी धोटा, कांडी, बीम, जकार्ड असे देशी-परदेशी शब्द एकाच वाक्यांत बिनदिक्कत गुंफतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं नऊ वर्षें कारखान्या-कारखान्यांतून हिंडून असे कांहीं हजार शब्द बोलणाऱ्यांच्या आवाजासह जमविले. त्या बोलणाऱ्यांपैकीं कित्येक म्हातारे विणकर आतां हयात नाहींत. त्यांचा आवाज या ध्वनिमुद्रणांवांचून दुसरीकडे कोठें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आजवर हा संग्रह जेथें होता ती एक चाळच होती. यंत्र एक, त्यावर शेंकडों संकेतस्थळें, नळ सामाईक. कोणा शेजाऱ्याच्या दुकानांत दिवाळीची गर्दी झाली कीं आमच्या नळास थेंब येईना. नवी जागा स्वतंत्र आहे, निदान स्वतंत्र म्हणून दिलेली आहे. हा 'म्हणून' समजण्यास सोलापूरकरांस फार दूर जावयास नको. येथें पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत इंजिन एकच असे. छताखालून जाणाऱ्या लांब दांड्यावरून पट्टे निघत आणि एकेक पट्टा आपापला माग फिरवी. मागापाशीं उभ्या राहिलेल्या माणसास वाटावें कीं ही गति या मागाचीच. येथेंही एका मोठ्या यंत्राचे वांटे पाडून प्रत्येक भाडेकरूपुढें संपूर्ण यंत्राचा देखावा उभा केलेला असतो. युक्ति जुनी आहे. आयबीएमनें व्हीएम-३७० ही प्रणाली १९७२ सालींच काढली. परंतु तीं यंत्रें बड्या संस्थांनींच घ्यावींत अशा किंमतीचीं होतीं. फेब्रुवारी २००७ मध्यें केव्हीएम नांवाची तसलीच सोय लिनक्सच्या गाभ्यांत फुकट दाखल झाली, आणि अशा सोयींमुळें हा प्रकार प्राध्यापकाच्या आटोक्यांत आला.

इंजिनावर ताण पडला कीं गिरणींत पट्टा घसरे. येथें त्याचीही नोंद होते. आपल्या वांट्याचा किती वेळ शेजाऱ्यांच्या गर्दींत गेला याचा आंकडा यंत्र स्वतः दाखवितें, आणि त्या आंकड्याचें नांव 'स्टील', म्हणजे चोरी! असा प्रांजळपणा आम्हीं दुसऱ्या कोणत्याही भाडोत्री व्यवहारांत पाहिलेला नाहीं. आमची चोरी बहुधा शून्याच्या आसपास असते. संध्याकाळीं दोन-तीन टक्के होते. तेवढी चालावयाची.

दाराची हकीकत निराळी. जागा ताब्यांत येऊन अर्धा तास झाला नाहीं तोंच कोणी तरी दार ठोठावूं लागलें. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशीं एकेक नांवें सांगून पासवर्ड चाचपणें रात्रभर चाललें होतें. सकाळीं नोंदवहींत अशा चार हजारांवर खेपा दिसल्या. ठोठावणारीं माणसें नव्हत; जगांतील पत्ते ओळीनें तपासत जाणारीं यंत्रेंच तीं. त्यांस आमचा राग नाहीं, आमची ओळखही नाहीं. आम्हीं पासवर्ड बंद करून किल्लीची पद्धत लाविली. ही किल्ली गणितानें जुळविलेल्या जोडीची असते. एक अर्धी दाराशीं, दुसरी आपल्यापाशीं. ठोठावणें त्यानें थांबत नाहीं, परंतु आंत कोणास येतां येत नाहीं. चाळींत या कामास मालकाचा गुरखा होता. येथें भिंती मालकाच्या, दार आमचें.

पत्त्याची गोष्ट मात्र आम्हांस झोंबली. प्रत्येक सर्व्हरला एक आंकडी पत्ता मिळतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी; ते केव्हांच अपुरे पडले, म्हणून एकानें सोडलेला पत्ता दुसऱ्यास देण्याची वहिवाट आहे. आमच्या आधींच्या भाडेकरूनें त्या पत्त्यावरून काय उद्योग केले होते कोण जाणे! संग्रहाचें निमंत्रण तीन विद्यापीठांकडून 'हा पत्ता काळ्या यादींत आहे' अशा शेऱ्यासह परत आलें. मालकास लिहिलें. उत्तर अत्यंत गोड आणि सर्वस्वीं निरुपयोगी होतें. शेवटीं यादी राखणाऱ्यांची आम्हींच मनधरणी केली, तेव्हां नवव्या दिवशीं पत्ता सुटला.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशानें अशा मालकांवर भाडेकरूचें पडताळलेलें नांव, पत्ता, मुदत, इतकेंच नव्हे तर जागा घेण्याचा हेतुही, करार संपल्यावर पांच वर्षें जपून ठेवण्याचें बंधन घातलें आहे. या मालकांस तें २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालें. तो मागचा भाडेकरू आठवला कीं नियम योग्य वाटतो. आपला हेतु पांच वर्षें परक्याच्या दप्तरांत पडून राहणार हें आठवलें कीं तितकासा वाटत नाहीं. हेतूच्या रकान्यांत आम्हीं 'शब्द' इतकेंच लिहिलें.

१० मार्च २०२१ रोजीं मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. माणसें सुखरूप राहिलीं. परंतु त्या इमारतींत ठेविलेल्या ज्या लिखाणाची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती तें कायमचें गेलें. म्हणून दर रविवारीं आम्ही संग्रहाच्या दोन प्रती उतरवितों. एक महाविद्यालयांत राहते, एक आमच्या घरीं ट्रंकेंत.

आगीपेक्षां आम्हांस धास्ती आहे ती भाड्याची. भाडें चुकलें कीं मालक जागा प्रथम बंद करतो आणि कांहीं दिवसांनीं पुसून टाकतो. वाड्यांतला भाडेकरू बेपत्ता झाला तरी त्याची पेटी माळ्यावर पडून राहते. पुस्तकें निदान रद्दींत जातात आणि एखादें जाणत्याच्या हातीं लागतें. येथें रद्दीच नाहीं. सध्यां भाडें आमच्या खिशांतून जातें, आणि आमच्या निवृत्तीस चार वर्षें उरलीं आहेत.

तेव्हां गेल्या महिन्यांत हा खर्च महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकांत घालावा असा अर्ज केला. ग्रंथालयाच्या खात्यांत तो बसेना, कारण पुस्तक येत नाहीं. यंत्रसामग्रींतही बसेना, कारण यंत्र येत नाहीं. हिशेबनिसांनीं बराच वेळ कागद न्याहाळून विचारलें, "सर, पण तिथं राहतं कोण?" आम्हीं त्यांस एका विणकरबाबांचा आवाज ऐकविला. त्यांचे स्वतःचे वडील मागावर होते. त्यांनीं तो दोनदां ऐकला, अर्जावर 'जागाभाडें, कायम' असा शेरा मारला आणि अर्ज वर पाठविला. वरून अद्याप उत्तर आलेलें नाहीं.