दिलेला शब्द आणि न दिलेला शब्द

वडीलधाऱ्यांनीं भरल्या मनानें दिलेला शब्द पुढच्या पिढीच्या गळ्याशीं येतो, असा प्रसंग वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं घडला असेल. आमच्या घरीं तो घडला. तीर्थरूपांच्या पडत्या काळांत त्यांच्या एका स्नेह्यांनीं धान्य व पैसा पुरवून आमचें घर सांवरलें होतें. त्या उपकारांच्या भरांत, ‘तुमच्यावर कोणताही प्रसंग येवो, आमचें घर तुमच्या पाठीशीं राहील,’ असें तीर्थरूप बोलून गेले. कालांतरानें दोघेही निवर्तले. पुढें त्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं शेजाऱ्याचा बांध कोरला, दावा लागला, आणि आमची साक्ष मागण्यांत आली. मूळचा बांध कोठें होता हें आम्हांस ठाऊक होतें. खोटें बोलावें तर सत्य बुडतें. खरें बोलावें तर वडिलांचा शब्द बुडतो. आम्ही कांहींएक निमित्त सांगून साक्षीस गेलोंच नाहीं. त्या घराशीं जाणेंयेणें तेव्हांपासून तुटलें.

ही जुनी सल पुन्हां जागी झाली ती जॉर्ज वॉशिंग्टन यांचें निरोपाचें पत्र वाचतांना. अमेरिकेच्या या पहिल्या अध्यक्षांनीं १९ सप्टेंबर १७९६ रोजीं तें फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केलें. परराष्ट्रांशीं कसें वागावें याविषयीं त्यांत दोन गोष्टी जवळजवळ सांगितल्या आहेत. एक, कोणत्याही राष्ट्राशीं कायमची जूट करूं नये. मोठ्या संकटांत तात्पुरती केली तर चालेल. दुसरी, जे करार होऊन गेले आहेत ते सचोटीनें पाळावे; कारण घरच्या व्यवहाराप्रमाणें राष्ट्राच्या व्यवहारांतही सचोटीच अखेर हिताची ठरते.

या दोन गोष्टी एकमेकींस छेदतात, असें प्रथमदर्शनीं वाटतें. कारण ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं या नवजात राष्ट्रानें फ्रान्सशीं जो तह केला, तो कायमचाच होता. अमेरिका खंडांतील फ्रान्सच्या मुलखाची हमी त्यांत होती. उपकारही लहान नव्हता. १७८१ मध्यें यॉर्कटाउन येथें इंग्रज सेना शरण आली, तींत फ्रेंच फौजेचा व आरमाराचा मोठा वांटा होता. परंतु १७९३ च्या जानेवारींत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि लगोलग फ्रान्सनें इंग्लंडाशीं युद्ध पुकारलें. आतां काय करावें? राज्यक्रांतीमुळें तह स्थगित मानण्याची मोकळीक आपणांस आहे, असें हॅमिल्टन यांचें म्हणणें. तह राजाशीं नव्हे, राष्ट्राशीं झाला, असें जेफरसन यांचें. वॉशिंग्टन यांनीं तह मोडला नाहीं, फ्रान्सच्या नव्या वकिलासही स्वीकारलें. मात्र २२ एप्रिल १७९३ रोजीं आपलें राष्ट्र युद्धांत तटस्थ राहील, असें जाहीर केलें.

म्हणजे साक्षीस जाण्याचें त्यांनींही टाळलें! पण त्यांनीं तें चारचौघांत सांगून टाळलें; आम्ही निमित्ताच्या आड दडून. पुढें दोन्ही राष्ट्रांचें बिनसलें, १७९८ पासून समुद्रावर चकमकीही झडल्या, आणि १८०० च्या करारानें त्या ‘कायमच्या’ मैत्रीचा शेवट झाला. पुढें जवळजवळ दीड शतक अमेरिकेनें तसा तह कोणाशींही केला नाहीं. १९४९ च्या उत्तर अटलांटिक करारांतसुद्धां वीस वर्षांनंतर, एक वर्षाची सूचना देऊन, बाहेर पडण्याची मुभा ठेविलेली आहे.

यावरून आम्हांस वाटतें, कीं त्या दोन गोष्टी मुळांत एकच आहेत. उद्यां काय न्याय्य ठरेल हें आज कोणास कळतें? म्हणून जो शब्द सर्वकाळ पाळतां येणार नाहीं, तो न देणें हीच सचोटीची पहिली पायरी होय. ती तीर्थरूपांकडून चुकली. आणि दिलेला शब्द पाळतां येत नसेल तर तसें तोंडावर सांगणें, ही दुसरी पायरी आमच्याकडून चुकली. पहिली आतां सुधारण्याजोगी नाहीं. दुसरी आहे. त्या स्नेह्यांचे चिरंजीव अद्याप हयात आहेत; त्यांच्या घरीं जाऊन आम्ही त्या दिवशीं कां आलों नाहीं, हें एकदां सांगून यावें, असें आम्हीं मनाशीं ठरविलें आहे.